कुंडातली काळी कळशी

आमच्या तांबट आळीचं पोट गरम पाण्यावर चालायचं. नाशिकची थंडी ज्यानं अंगावर काढली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. पहाटे घरोघर बंब पेटायचे, बंबातलं कढत पाणी घंगाळात यायचं, त्यात गार पाण्याचं विसण पडायचं आणि मग तांब्या-तांब्यानं ते अंगावर घ्यायचं. बंब, घंगाळ, तांब्या, तिन्ही आमच्या आळीतून जात. आम्ही स्वतः मात्र गिऱ्हाइकानं नाकारलेल्या, कुठंतरी पोचे पडलेल्या बंबात पाणी तापवायचो. हलवायाच्या पोरांना शिळी जिलबी मिळते तसंच ते.

वडलांना आम्ही दादा म्हणत असू. दादांचा हात आळीत नावाजलेला होता. भांडं घडवून झालं की त्यावर हातोडीनं ओळीनं बारीक ठोके घालतात, त्याला मठारणं म्हणतात. त्यानं पत्रा कणखर होतो आणि भांड्याला तेज चढतं. आळीत पंधरा-वीस घरांतून एकाच वेळी ठोकाठोक चाले, पाहुण्यारावळ्यांचं डोकं उठे, पण त्या गदारोळातून मला दादांचा ठोका बरोबर वेगळा ऐकू यायचा. दोन सलग, मग एक दमानं. दोन सलग, एक दमानं. मी शेजारी सागरगोटे खेळत असले तरी दादा कामावर बसले की उठले हे मला घरी न जाता कळायचं, आणि ते उठायच्या आत घरी पोचणं शहाणपणाचं असायचं.

आमच्यात एक रीत होती. मुलीला लग्नात द्यायचं घंगाळ तिच्या बापानं स्वतःच्या हातानं करायचं. बाकीची भांडी काका-मामांनी केली तरी चालत, पण घंगाळावर दुसऱ्या कुणाचा ठोका पडता कामा नये. पडला तर पोरीला सासरी बोलणी खावी लागतात, असं बायका सांगत. मला पुढं सासरी काही कमी बोलणी खावी लागली नाहीत, पण त्याला घंगाळ कारण नव्हतं, माझी जीभ होती. बायकांनी हातोडी उचलायचा तर प्रश्नच नव्हता. बायकांनी चिंच आणि राख घेऊन भांडी उजळायची, एवढाच त्यांचा वाटा.

एकोणीसशे तीसनंतरची ही गोष्ट. मला बारा पुरी झाली होती. पिंपळगाव बसवंतच्या एका घरी माझं लग्न बोलून ठेवलं होतं, पण चौदाच्या आत मुलीचं लग्न करायचं नाही असा सरकारी कायदा झालेला, म्हणून दोन वर्षं थांबायचं ठरलं. आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता दादांचा उजवा हात आखडला. सकाळी उठले की बोटं मिटलेलीच असायची. डाव्या हातानं ती एकेक करून उघडावी लागत. हातोडी धरली की पाच-दहा ठोके नीट पडत आणि मग ओळ वाकडी जाई. दादा ती ओळ अंगठ्यानं चाचपत आणि माझ्याकडे न बघता म्हणत, अजून दोन वर्षं आहेत. कशाला दोन वर्षं आहेत ते मला विचारावं लागत नसे.

दुपारचं जेवण झालं की दादा आळीच्या टोकाला वैद्यांकडे शेक घ्यायला जात. ते वळणाआड गेले की आई दार ओढून घ्यायची, मला दाराशी राखणीला बसवायची आणि दादांनी सकाळी अर्धवट टाकलेलं भांडं ऐरणीवर घ्यायची. हातोडी चालवायला ती कुठं शिकली म्हणून मी तिला विचारलं. इतकी वर्षं बघतेच आहे की, म्हणाली. सगळी आळी ठोकत असायची, त्या आवाजात तिचा आवाज सहज लपून जाई. तिचा ठोका दादांसारखा नव्हता. एकसारखा, घाईघाईचा, मध्ये न थांबणारा, चूल विझायच्या आत भाकरी थापून घ्यावी तसा. दादा परत यायच्या आत हातोडी जागच्या जागी जायची. दादा येत, भांडं हातात घेत, गोल फिरवून बघत आणि ठेवून देत. त्यांना काही कळलं नाही असं मी धरून चालले होते. आपली लबाडी पचली असं लहानपणी नेहमीच वाटतं.

शेकानं गुण येईना तेव्हा वैद्यांनीच सुचवलं, घाट उतरून वज्रेश्वरीच्या बाजूला जा, तानसा नदीच्या काठी उन्हाळी आहेत, गरम पाण्याचे झरे, जमिनीतून कढत पाणी येतं, अकरा दिवस त्यात बसा. दादा हसले. जन्मभर गरम पाण्याची भांडी केली आणि आता गरम पाण्यासाठी घाट उतरायचा, म्हणाले. पण तयारीला लागले. तांबट तीर्थाला जाताना नवं भांडं घेतल्याशिवाय जात नाही, तीर्थ आणायचं ते आपल्या हातच्या भांड्यातून. म्हणून दादांनी एक लहान कळशी करायला घेतली. रोज सकाळी थोडी थोडी करून पोट त्यांनी मठारलं. गळा आईनं, दुपारी, दार लोटून. आईनं चिंचेनं उजळल्यावर ती कळशी अशी झळाळली की त्यात माझे दात दिसत.

टांग्यानं नाशिक रोड, तिथून गाडी. इगतपुरीला आमच्या गाडीचं धूर ओकणारं इंजिन सोडून विजेचं जोडलं, ते बघायला दादा खाली उतरले आणि आई गाडी सुटेल म्हणून खिडकीतून त्यांना हाका मारत राहिली. घाटात प्रत्येक बोगद्यात आईनं कळशी पोटाशी धरली. कल्याणला उतरून सर्व्हिस मोटारीनं भिवंडी, तिथून बैलगाडी. नाशिकहून निघताना घातलेली लोकरीची बंडी मी वाटेतच काढून टाकली, इतकी ती हवा उबदार होती.

पहिल्या सकाळचं मला अजून दिसतं. नदीच्या पात्रात दगड बांधून काढलेली कुंडं, त्यांवर वाफ, आणि वाफेत माणसांची नुसती डोकी. वास मात्र नासक्या अंड्याचा. मी नाक दाबलं तर आईनं हातावर चापटी दिली, देवाच्या पाण्याला नाक मुरडायचं नाही. मी पाय घातला आणि ओरडत बाहेर काढला. मग पुन्हा घातला. दुसऱ्यांदा तितकं भाजलं नाही. तिसऱ्यांदा घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, आणि मग ते पाणी अंगाला असं काही भिडलं की बाहेर यावंसंच वाटेना. आमच्या घरी अंघोळ म्हणजे मोजून सहा तांबे. बंबातलं पाणी तिघांत पुरवायचं असायचं. इथं कितीही बसा, पाणी निवत नव्हतं, कुणी दार वाजवत नव्हतं. दादा गळ्यापर्यंत पाण्यात बसून म्हणाले, "आपण इथं दुकान टाकलं असतं तर उपाशी मेलो असतो. इथं जमीनच बंब होऊन बसलीय." त्या वर्षात ते इतके मोकळे हसलेले मी पाहिले नव्हते.

बायकांचं कुंड वेगळं होतं, भोवती कूड घातलेलं. आई तिथं लुगड्यासकट बसायची. घरी कधी पाच मिनिटं टेकायची नाही ती बाई, इथं डोळे मिटून तास तास बसलेली. पहिल्या दिवशी तिनं पाण्यात हात घातले आणि झटकन वर काढले. तिच्या उजव्या तळव्याला फोड आलेले, ते पाण्यानं झोंबले होते. खांदाही सुजला होता. मी तो चोळून दिला. दादांना सांगू नकोस, एवढंच ती म्हणाली. तिच्या पायातली चांदीची जोडवी त्याच दिवशी काळी पडली. हा अपशकुन समजून ती घाबरली, रोज आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेच्या मागं जाऊन राखेनं घासायची आणि कुणाला बोलायची नाही. तेव्हाच बोलली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण आमच्या घरात प्रत्येक जण दुसऱ्याला त्रास नको म्हणून गप्प बसायचा, आणि त्याचाच सगळ्यांना त्रास व्हायचा.

देवळासमोरच्या कुंडांवर कोणत्या जातीचा माणूस कुठं उतरतो यावर डोळे असत. नदीतल्या कुंडात कुणी काही विचारत नसे, म्हणून दादा तिथंच बसत. त्यांच्या शेजारी रोज मालेगावचे एक म्हातारे विणकर बसायचे. पांढरी दाढी, बोटात चांदीची काळीठिक्कर अंगठी. हातमागावर पाय मारून मारून त्यांचे गुडघे गेले होते आणि दर हिवाळ्यात ते इथं येत. दादा त्यांना मियाँ म्हणत, मी चाचा. मी काठाच्या पायरीवर बसून दोघांवर नजर ठेवायची, दादांना घेरी आली तर आईला हाक मारायची, हे माझं काम.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. दादा पाण्याखाली पायरीच्या दगडावर मूठ आपटत होते. दोन सलग, एक दमानं. आधी हळू, मग जोरात. आणि शेजारी चाचांचे पाय खाली-वर होत होते, डावा, उजवा, डावा, उजवा. पाण्याच्या आत एक जण मठारत होता, दुसरा विणत होता, आणि दोघांचं बोलणं भलत्याच गोष्टींवर चाललं होतं, कांद्याला यंदा भाव नाही वगैरे. मला हसू आलं आणि मग का कोण जाणे रडूही आलं. आमच्या घरात तो ठोका पुरा ऐकून तीन महिने झाले होते.

सहाव्या सकाळी दादांची बोटं आपोआप उघडली. त्यांनी मला आणि आईला उठवून दाखवली. मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. आईनं देवीला नारळ बोलला. दादांच्या अंगात मात्र तांबट संचारला. बाकीचे लोक निघायच्या दिवशी दोन मिनिटांत भांडं भरून घेतात. दादा म्हणाले, तांबं पाण्यातलं सत्त्व ओढून घेतं, पाणी जितकं मुरेल तितका गुण. त्यांनी त्या सकाळीच कळशीच्या गळ्याला दोरी बांधली आणि ती सगळ्यांत कढत कुंडात सोडून दिली. दिवसभर.

संध्याकाळी दोरी ओढली ती मी. वर आली ती आमची कळशी आहे हे मला पटेना. आतून बाहेरून काळी, तव्याच्या बुडासारखी. दादांनी ती हातात घेतली, अंगठ्यानं घासून पाहिली. अंगठा काळा झाला नाही, कळशीही उजळली नाही. काठावरचे लोक बघत होते. एक बाई दुसरीला म्हणाली, देवीनं घेतलं नाही हो त्यांचं. ती हळू बोलली होती, पण ऐकू जाईल इतक्याच हळू.

धर्मशाळेत दादांनी कळशी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि उद्या निघू म्हणाले. आईनं पाच दिवस राहिलेत म्हणून पाहिलं. दादा म्हणाले, माझ्या हातचं पाण्यालाही चालत नाही, आता हा हात बरा होऊन काय करायचाय. मग माझ्याकडे बघून म्हणाले, हिचं घंगाळ तुझ्या भावाला करायला सांग. मला वाटलं सगळा दोष माझा. चोरून ठोकलेलं भांडं देवाच्या पाण्यात घातलं, आणि दाराशी राखणीला मी बसले होते. रात्रभर मी खरं सांगायचं ठरवत होते आणि सकाळी उठून नुसत्या वळकट्या बांधायला लागले.

दादा कुंडावर आले नाहीत म्हणून चाचा काठी टेकत धर्मशाळेच्या अंगणात आले. काय झालं ते ऐकून त्यांनी हसत हसत बोटातली अंगठी दाखवली. पाण्यात गंधक आहे, म्हणाले, चांदी काळी करतं, तांबं काळं करतं, पीर असो की पाटील, कुणाची भीड ठेवत नाही. दारात पीठ मळत बसलेल्या आईनं हळूच पाय पदराखाली घेतले आणि मग पुन्हा बाहेर काढले. तिची जोडवी तिनं त्या दिवशी पहिल्यांदा उघडी ठेवली.

मग चाचांनी कळशी मागून घेतली. उन्हाकडे धरून ती सावकाश फिरवली. झळाळीत डोळे दिपून जे कधी दिसलं नसतं ते त्या काळ्या रंगावर स्वच्छ दिसत होतं, पोटावर थांबत थांबत गेलेल्या ओळी, काही वाकड्या, आणि गळ्यावर दाट, घाईच्या, एकसारख्या. चाचांनी त्यावर बोट फिरवलं. कापडात विणणारा बदलला की त्यांना हाताला कळायचं, तसंच असेल.

"भाई," ते म्हणाले, "ये दो हाथ का काम है."

त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. आईच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. मी डोळे मिटून घेतले.

दादा म्हणाले, "हो. पोट माझं, गळा हिचा."

मी डोळे उघडले. दादा आईकडे बघत नव्हते, कळशीकडे बघत होते. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला," ते म्हणाले. "वैद्यांच्या ओट्यावर बसलो की सगळ्या आळीतून तुझा ठोका ऐकू येतो."

"मग बोलला का नाहीत?" आईनं विचारलं.

"बोललो असतो तर तू थांबली असतीस."

चाचांनी कळशी खाली ठेवली आणि कुंडावर वाट बघतो म्हणून निघून गेले. शहाणा माणूस. दादांनी आईचा उजवा हात उलटा करून पाहिला, फोडांवरून बोट फिरवलं. मग पंचा खांद्यावर टाकून ते उठले आणि तिला म्हणाले, आज तूही हात जास्त वेळ बुडवून बस.

उरलेले पाचही दिवस आम्ही राहिलो. मी दोन्ही कुंडांमध्ये धावपळ करत होते, कुणाच्या बोटांना किती आराम पडला त्याच्या बातम्या इकडून तिकडे नेत. निघताना आईनं कळशी चिंचेनं घासायला घेतली तर दादांनी तिच्या हातून काढून घेतली. आमच्या घरात सगळं तांबं झळाळायचं, ती एक कळशी मात्र शेवटपर्यंत काळी राहिली. विचारणाऱ्याला दादा सांगत, वज्रेश्वरीचा रंग आहे.

हात बरा झाला का, असं मला कुणी विचारलं की मी हो म्हणते आणि नाहीही म्हणते. बोटं उघडायला लागली. दादा घास त्याच हातानं घेऊ लागले, सदऱ्याच्या गुंड्या लावू लागले. हातोडी मात्र चार ठोक्यांनंतर निसटायची. पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्या कुंडांवर गेलो, चाचा भेटले, दोघं पाण्यात पुन्हा आपापलं काम करत बसले. पण घाट चढून आलं की बोटं पुन्हा जड. दोन वर्षं सरली. चौदावं पुरं झालं, तिथी निघाली. घंगाळाचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. मामा कसाऱ्याला राहायचे, त्यांना निरोप गेला असणार असं मी मनाशी धरलं आणि गप्प बसले. मी आईबापांचीच मुलगी होते.

एका सकाळी आईनं मला शेजारी विरजण आणायला पाठवलं. शेजारीण बोलघेवडी, तिच्याकडे गेलं की अर्धा तास मोडायचा, हे आईला माहीत होतं. आळी अजून कामाला लागली नव्हती. मी वाटी हातात घेऊन उभी होते आणि ठोका ऐकू आला. दोन सलग, एक दमानं. दोन सलग, एक दमानं. शेजारीण बोलता बोलता थांबली. समोरच्या घरातही बोलणं थांबलं. मला दुसरं काही सुचलंच नाही. दादांचा हात बरा झाला. मी विरजण सांडत घरी पळाले.

दाराची दोन्ही कवाडं सताड उघडी होती. ऐरणीवर घंगाळ होतं. दादा डाव्या हातानं त्याचा काठ धरून ते बोट बोट फिरवत होते, आणि उजव्या हाताची सैलसर मूठ स्वतःच्या गुडघ्यावर आपटत होते, पाण्यातल्या पायरीवर आपटायचे तशी. दोन सलग, एक दमानं. आई पदर खोचून समोर बसली होती. तिची नजर त्यांच्या गुडघ्यावर होती आणि हातोडी तिच्या हातात होती.